एकशे अठ्ठेचाळीस आणि एकाहत्तर

देउराली आणि सातधारे या दोन गावांच्या मधे एकच रस्ता आहे. रस्त्याच्या वर नेपाळ, खाली भारत. वरच्या गावातली कोंबडी खाली येऊन अंडं घालते, खालची पोरं वर जाऊन क्रिकेट खेळतात, आणि कुणी कुणाकडे कागद मागत नाही. पण रस्त्याच्या वळणावर एक फलक आहे. तिथे आलं की माणसं आपापल्या देशाची होतात.

फलकावर दोन आकडे असतात. त्या वर्षी डावीकडे होतं देउराली, एकशे अठ्ठेचाळीस. उजवीकडे सातधारे, एकाहत्तर. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज किती लिटर गोडं पाणी घेतलं, त्याचा तो हिशेब.

दोन्ही गावांचं नळाचं पाणी एकाच तळ्यातून येतं. डोंगरमाथ्यावरची मैनापोखरी. हिवाळे कोरडे जायला लागले तेव्हा दोन्ही देशांनी मिळून ठरवलं, की दरवर्षी फाल्गुनात तुलना करायची. ज्या गावाचा आकडा मोठा, त्याच्या वाट्यात पुढच्या वर्षी कपात. आणि सलग तीन वर्षं ज्याचा आकडा लहान, त्याला तळ्यापासून नवी, रुंद जलवाहिनी. सातधारे दोन वर्षं जिंकलं होतं. हे तिसरं.

वृंदा हिंगमिरे-राई सातधारेच्या बाजूने ही तुलना करायची. ती मूळची सोलापूरची. लहानपणी पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरात वाढली, भूजलशास्त्र शिकली, नोकरीसाठी या डोंगरात आली आणि इथल्याच निर्मल राईशी लग्न करून राहिली. निर्मल सैन्यात होता, वर्षातून दोन महिने घरी यायचा. उरलेले दहा महिने घरात दोघंच असायची, वृंदा आणि तिचे सासरे जसमान मास्तर. ती त्यांना ‘बा’ म्हणायची. ते तिला ‘बुहारी’ म्हणायचे. त्यांच्या भाषेत बुहारी म्हणजे सून.

देउरालीच्या बाजूने हेच काम करायची सुकमित लिंबू. दोघी रोज फोनवर बोलायच्या.

“दिदी, तुमच्या गावात माणसं पाणी पितात की नुसती बघतात?” सुकमित म्हणायची. “एकाहत्तर लिटरमध्ये माझी सासू तांदूळसुद्धा धुवून होत नाही.”

“आणि तुमच्याकडे माणसं आंघोळ करतात की पोहतात?” वृंदा म्हणायची.

दोघी हसायच्या. पण कपातीचं पत्र पुढे धाडायची वेळ आली की हसू थांबायचं. दोन कपातींनंतर देउरालीच्या वरच्या आळीत एक दिवसाआड एक तास पाणी येत होतं. यंदा पाचवा हिस्सा कापला जाणार होता.

सातधारेला मात्र नळाचं फारसं पडलेलं नव्हतं, कारण त्यांच्याकडे धारा होत्या. गावाच्या मधोमध दगडी भिंतीतून सात तोंडांनी झऱ्याचं पाणी पडायचं, दिवसरात्र. पिण्याला, भांड्यांना, कपड्यांना तेच. हे पाणी कुणी पुरवत नव्हतं, म्हणून ते ‘सार्वजनिक पुरवठ्या’त मोजलं जात नव्हतं. आणि देउरालीला कपात लागली की त्या दिवशी गाव धारांसमोर मोठ्या पातेल्यात खीर शिजवायचं.

या धारांना गावात ‘मास्तरांच्या धारा’ म्हणत. बत्तीस वर्षांपूर्वी त्या आटल्या होत्या. सातांतल्या पाच तोंडांना शेवाळ वाळलं होतं. तेव्हा जसमान मास्तरांनी शाळेतल्या मुलांना घेऊन मागच्या उतारावर उत्तिस या डोंगरी झाडाची चार हजार रोपं लावली. ती मुलं शनिवारी पाठीवर पाणी वाहून नेत. तिसऱ्या वर्षी एका सकाळी सातही धारा वाहू लागल्या. मास्तरांना त्यानंतर गावात कुणी नावाने हाक मारली नाही. ते ‘धारा मास्तर’ झाले.

तेव्हापासून दर शनिवारी शाळेची मुलं धारेखाली पंधरा लिटरची बादली धरत आणि ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहीत. अशा एकोणतीस वह्या मास्तरांच्या फडताळात होत्या.

अलीकडे बादली भरायला उशीर लागत होता. दोन वर्षांपूर्वी चौदा सेकंद, मग सतरा, आता वीस. “झाडं चोरून तोडतात,” मास्तर म्हणत आणि मुलांना घेऊन आणखी रोपं लावत. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

त्या मार्गशीर्षात दोन्ही गावांत ‘जिभा’ बसवल्या गेल्या. जीभ म्हणजे नखाएवढा एक चकचकीत तुकडा, नळाच्या तोंडात बसणारा. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण पाण्याची चव घेऊन ते कुठून आलं ते ती सांगते, म्हणून लोकांनी तिचं नाव जीभ ठेवलं.

ती हे कसं ओळखते, ते समजायला अवघड नाही. पाण्याचा प्रत्येक कण हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा बनलेला असतो. पण सगळा ऑक्सिजन एकसारखा नसतो. बहुतेक हलका असतो, आणि हजारात दोन कण किंचित जड. आता एक तळं डोळ्यांपुढे आणा. त्यावर महिनोन्‌महिने ऊन पडतं. वाफ होऊन वर जाताना हलके कण आधी निसटतात, जड मागे राहतात. म्हणजे तळ्याच्या पाण्यात जड कणांचं प्रमाण वाढतं. याउलट जो पाऊस पडल्या पडल्या जमिनीत मुरतो, त्याला ऊन लागतच नाही. त्याच्यातलं प्रमाण ढगात होतं तसंच राहतं. हा फरक फार बारीक, पण पक्का असतो. तळ्याचं पाणी पुढे नळातून जावो की दगडातून, उन्हाची ती खूण पुसली जात नाही. पूर्वी हे मोजायला खोलीभर यंत्र लागायचं. आता एक लेझर किरण आणि एक नखाएवढा तुकडा पुरत होता.

वृंदाकडे शेवटी सात जिभा उरल्या.

“त्या धारांना बसव,” मास्तर म्हणाले.

“बा, त्या नळांसाठी आहेत. गळती शोधायला.”

“असू देत. मी मुलांना तीस वर्षं सांगतोय, हे पाणी आपल्या डोंगरावर पडलेल्या पावसाचं आहे, आपल्या झाडांनी धरून ठेवलेलं. एकदा तुझ्या यंत्रानेही सांगू दे. फळ्यावर लिहून ठेवू.”

वृंदाने बसवल्या. मुलं गोळा झाली होती. एका मुलीने विचारलं, “मास्तर, जिभेला पाणी आवडलं का?” मास्तर म्हणाले, “आपल्या घरचं आहे. आवडेल.”

आठवड्याने आकडे आले. वृंदाने ते तीनदा पाहिले. मग सातही धारांचं पाणी बाटल्यांत भरून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथूनही तेच उत्तर आलं. धारेच्या पाच तांब्यांतले चार तांबे मैनापोखरीचे. पावसाचा एक.

तळ्यापासून सातधारेपर्यंत जमिनीखालून वाट नाही, मधे काळ्या खडकाची भिंत आहे. मग तळ्याचं पाणी धारेत येतं कुठून? वृंदाने नकाशा काढला. धारांच्या बरोबर वर, चढावर, देउरालीची बाजारपेठ होती. बाजारपेठेखालून देउरालीची मुख्य जलवाहिनी जात होती. ती घातल्याला एकोणतीस वर्षं झाली होती.

बत्तीस वजा तीन. मास्तरांच्या धारा परत आल्या ते वर्ष.

तिने सुकमितला फोन लावला. “तुमच्याकडे किती पाणी हरवतं?”

“हरवतं म्हणजे?”

“तळ्यातून निघतं पण घरात पोचत नाही, असं.”

“चौथा हिस्सा तरी. जास्तही असेल. खणून शोधायला परवानगी मिळत नाही. कपातीच्या गावाला दुरुस्तीचा निधी शेवटी येतो. का गं?”

“ते इथे येतं,” वृंदा म्हणाली. “आम्ही ते पितो.”

मग सुकमित हळू म्हणाली, “म्हणजे उधळे म्हणून आम्हाला कापता, ते पाणी तुमच्या हंड्यात?”

वृंदाने कागदावर साधी वजाबाकी केली. धारांचं पाणी दिवसाला साडेचार लाख लिटर. सातधारेची माणसं बारा हजार. माणशी अडतीस लिटर. नळाचे एकाहत्तर आणि हे अडतीस मिळून एकशे नऊ. आता देउराली. धारांतलं तळ्याचं पाणी त्यांच्या नऊ हजार माणसांत वाटलं तर माणशी चाळीस. एकशे अठ्ठेचाळीसमधून ते गेले, उरले एकशे आठ.

एका बाजूला एकशे आठ, दुसऱ्या बाजूला एकशे नऊ. दोन देश एकमेकांइतकंच पाणी वापरत होते, आणि दोन वर्षं एकाची आरती चालली होती, दुसऱ्याला दंड.

दुसऱ्या दिवशी ती सातधारेचे नगराध्यक्ष डंबर प्रधान यांच्याकडे गेली. गाव त्यांना दाज्यू, म्हणजे दादा म्हणायचं. डंबरदाज्यू वाईट माणूस नव्हता. आजारी माणसाला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा होता.

“तक्त्यात जिभेचा रकाना आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही. तक्त्यात फक्त तळ्यातून उचललेलं पाणी आहे.”

“मग तुम्ही खोटं काहीच लिहीत नाही. नियमाने एकशे अठ्ठेचाळीस, नियमाने एकाहत्तर. सही करा. नवी वाहिनी येऊ द्या. मग काय सांगायचं ते सांगा, मी स्वतः माइक धरतो.”

“तोवर देउरालीची कपात होईल.”

“आणि आज सांगितलं तर ते भोक बुजवतील. आपल्या धारा जातील, वाहिनीही जाईल. बारा हजार माणसांना एकाहत्तर लिटर. वैनी, तुम्ही सोलापूरच्या. पाणी नसलेलं घर तुम्हाला सांगायला नको.”

खरंच नको होतं. वृंदाला आईची रांगेतली घागर आठवली. तिने सही केली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तुलनेला नऊ दिवस होते.

त्या नऊ दिवसांत तिला सगळ्यात अवघड गोष्ट घरात करायची होती. ती टाळत राहिली. मास्तरच एका सकाळी चहा पिताना म्हणाले, “बुहारी, तुझ्या जिभेने उत्तर दिलं नाही की तू मला देत नाहीस?”

तिने सांगितलं. सगळं, आकड्यांसकट.

मास्तरांनी कप खाली ठेवला. “यंत्र चुकतं.”

“दोन ठिकाणी तपासलं, बा.”

“मी मुलांना घेऊन चार हजार झाडं लावली. तिसऱ्या वर्षी पाणी आलं. हे साऱ्या गावाने पाहिलं.”

“त्याच वर्षी वरची वाहिनी सुरू झाली.”

मास्तर उठले, फडताळाकडे गेले. तिला वाटलं ते आता बाहेर निघून जातील. त्यांनी शेवटच्या तीन वह्या काढल्या आणि जमिनीवर मांडी घालून बसले. “कपात कधी लागली? तारीख सांग.”

तिने दोन तारखा सांगितल्या. दोन्ही वर्षी एक वैशाख. मास्तर बोटाने रकाने खाली खाली जात होते. मुलांच्या अक्षरात, कुठे निळ्या शाईत, कुठे पेन्सिलीत. चौदा, चौदा, चौदा, चौदा, चौदा. मग पंधरा. सोळा. सतरा. त्यांचं बोट थांबलं.

“चाळीस दिवस,” ते म्हणाले. त्यांनी दुसरी वही उघडली. तिथेही तेच, सतरावरून वीस. “चाळीस दिवसांनी.”

पाण्याला वरून खाली झिरपायला लागणारा तो वेळ होता. देउरालीचं पाणी कापलं की त्यांच्या वाहिनीतला जोर कमी व्हायचा, गळती कमी व्हायची, आणि चाळीस दिवसांनी सातधारेच्या धारा बारीक व्हायच्या.

“म्हणजे आम्ही खीर शिजवली,” मास्तर म्हणाले, “ती याची.”

वृंदा म्हणाली, “पाचांतला एक भाग पावसाचाच आहे, बा. तुमच्या झाडांचा.”

“माझी समजूत घालू नकोस. झाडं नसती तर तो भाग किती असता, हे मोजलंय का तू?”

“नाही.”

“मग म्हणू नकोस.” त्यांनी दोन्ही वह्या मिटल्या. “एकोणतीस वर्षं बरोबर मोजलं मुलांनी. एकही आकडा चुकला नाही. उत्तर मी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून कुणी विचारलं नाही.”

त्यानंतर चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवण वाढलं की जेवत, ताट धुऊन ठेवत.

तुलनेच्या दिवशी दोन्ही गावं फलकापाशी जमली. तिथला एक रिवाज होता. देउरालीचा आकडा सातधारेच्या वडीलधाऱ्याने वाचायचा, आणि सातधारेचा देउरालीच्या. दुसऱ्याच्या तोंडून आला की आकड्यावर संशय राहत नाही. सातधारेच्या बाजूने दरवर्षी जसमान मास्तर वाचत.

वृंदाने त्यांच्या हातात दोन कागद दिले. एक नियमाचा तक्ता. त्याखाली तिची आणि सुकमितची मिळून केलेली वजाबाकी, दोघींच्या सह्यांची.

“तक्त्यावर तुझी सही नाही,” मास्तर म्हणाले. चार दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

“दुसऱ्यावर आहे. त्याशिवाय पहिल्यावर करणार नाही, असं मी वर कळवलंय.”

“डंबर?”

“चिडलेत.”

“निर्मल?”

“म्हणाला, बा सांगतील तसं.”

मास्तरांनी चष्मा लावला आणि पुढे गेले. आधी त्यांनी तक्ता वाचला. “देउराली, एकशे अठ्ठेचाळीस.” सातधारेच्या बाजूने शिट्ट्या आल्या. कुणीतरी ओरडलं, “पोहा, पोहा!” मास्तरांनी हात वर केला. तो हात गावाला ओळखीचा होता, निम्मं गाव त्यांच्या वर्गात बसलेलं होतं. शिट्ट्या थांबल्या.

“हा आकडा अपुरा आहे,” ते म्हणाले. “मी तुम्हाला शाळेत एक गोष्ट चुकीची शिकवली. आज ती दुरुस्त करतो.”

आणि त्यांनी तिथेच, रस्त्यावर, सगळा धडा घेतला. ऊन, तळं, हलके कण, जड कण. वाहिनी कुठून जाते. बादली, वही, चाळीस दिवस. सावकाश, मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. शेवटी म्हणाले, “देउराली एकशे आठ. सातधारे एकशे नऊ. यांचं पाणी आपण पितो आणि यांनाच उधळे म्हणतो.”

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. खालच्या बाजूने एक माणूस म्हणाला, “मास्तर, त्या झाडांना पाणी मीही वाहिलंय पाठीवर. सात वर्षांचा होतो.”

“हो, रे. तुझी बादली गळकी होती. तू दोन फेऱ्या जास्त घालायचास.”

तो माणूस तोंड फिरवून निघून गेला. देउरालीची वाचणारी म्हातारी आपला कागद हातात धरून तशीच उभी होती. तिने सातधारेचा आकडा वाचलाच नाही. “आमची नातवंडं दोन हिवाळे एका बादलीत आंघोळ करतात,” एवढंच म्हणाली आणि घडी घालून कागद कमरेला खोचला.

त्या वर्षीची कपात स्थगित झाली. सातधारेची नवी वाहिनीही. दोन्ही देशांची समिती नवा तक्ता करणार होती, ज्यात गळती आणि झरे दोन्ही मोजले जातील. त्याला किती महिने लागतील ते कुणी सांगेना. पण देउरालीला दुरुस्तीचा निधी मात्र लगेच मिळाला. आता गळती नेमकी कुठे आहे, ते जिभांनी सांगितलेलं होतं.

सातधारेत वृंदाशी बोलणं कमी झालं. भाजीवाली पैसे परत देताना हातात न देता टोपलीच्या काठावर ठेवायला लागली. डंबरदाज्यूंनी घरी निरोप पाठवला, की पावसाळ्याआधी टाक्या भरून ठेवा, पुढे माझ्याकडे येऊ नका.

चैत्राच्या शेवटी सुकमितचा फोन आला. “दिदी, उद्या खणतोय. त्याला तुमच्या गावाची परवानगी लागत नाही. तरी तू ये. बांना विचार, येतात का.”

दोघं चढ चढून गेली. देउरालीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानासमोर रस्ता उघडला होता. चार हात खोल खड्डा, आणि तळाशी वाहिनीचा एक जुना सांधा. त्याच्या फटीतून पाणी पंख्यासारखं उसळत होतं आणि खालच्या गोट्यांमध्ये घुसून नाहीसं होत होतं. शिंपी मशीन थांबवून बघत होता. “एवढी वर्षं रात्री आवाज यायचा,” तो म्हणाला. “मला वाटायचं माझे कान वाजतात.”

मास्तर खड्ड्याच्या कडेला आले. मग वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे आत खोचले आणि मागे नेऊन ठेवले.

“बा, खडी टोचेल,” सुकमित म्हणाली.

“मुहान आहे ना,” ते म्हणाले. त्यांच्याकडे मुहान म्हणजे झऱ्याचं मूळ. “मुहानापाशी पायात घालून उभं राहत नाहीत.”

वृंदानेही चपला काढल्या. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने गमबूट अर्धा काढला, मग सुकमितकडे पाहून पुन्हा घातला.

सुकमित खड्ड्यात उतरली होती. तिच्या हातात पोलादी पट्टा होता. तो सांध्याभोवती आवळला की काम संपणार होतं. तिने वर पाहिलं.

“नवा तक्ता झालेला नाही अजून, तुमचं नळाचं पाणी वाढलेलं नाही,” ती म्हणाली. “मला माहीत आहे. पण वरच्या आळीला मी आणखी थांब म्हणू शकत नाही, बा.”

मास्तरांनी वरच्या आळीकडे पाहिलं. तिथल्या प्रत्येक दारात रिकामे हंडे उपडे घातले होते. मग त्यांनी खाली पाहिलं. तिथून सातधारेची पत्र्याची छपरं दिसत होती, मागचा उत्तिसांचा हिरवा उतार दिसत होता. धारा दिसत नव्हत्या.

ते खाली बसले. हात लांब करून त्यांनी उसळत्या पाण्याखाली ओंजळ धरली, ती कपाळाला लावली आणि प्यायले. दुसरी ओंजळ भरून वृंदापुढे धरली. ती त्यांच्या हातांतून प्यायली.

“आवळ, पोरी,” ते सुकमितला म्हणाले. “घट्ट आवळ.”